फुंकायचं नाही, ओढायचं: फुफ्फुसाच्या ऑपरेशननंतरचे व्यायाम नेमके कशासाठी?

कोविडच्या काळात आपल्याकडच्या कितीतरी घरांत एक वस्तू शिरली आणि ती अजूनही कपाटाच्या वरच्या फळीवर पडून आहे. प्लॅस्टिकची तीन उभी नळकांडी, प्रत्येकात एक हलकी गोटी आणि बाजूला एक लवचीक नळी. केमिस्टकडे 'लंग एक्सरसायझर' म्हटलं की तो न विचारता हीच काढून द्यायचा. कुणी त्यात फुंकलं, कुणी ओढलं, पोरांनी पैजा लावल्या आणि मग ती वस्तू वर गेली ती गेलीच.

मामांच्या उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग काढावा लागला तेव्हा ती पुन्हा माझ्या हातात आली. मामा सातारा जिल्ह्यातले, वय एकसष्ट. तरुणपणी टीबी झाला आणि औषधांनी पूर्ण बराही झाला, पण जाताना फुफ्फुसात एक पोकळी ठेवून गेला. त्या पोकळीत बुरशीचा गोळा वाढला आणि खोकल्यातून रक्त पडू लागलं. टीबी जिथे घरोघरी माहीत आहे अशा आपल्या देशात छातीच्या सर्जनसाठी ही नेहमीची केस.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले, तर मामा उशीला टेकून त्या नळीत जीव खाऊन फुंकत होते. "फुकतोय की गं कवाधरनं, पर गोटी जागची हलंना." यंत्र औषधांच्या पिशवीतून आलं होतं, पण ते वापरायचं कसं हे कुणी सांगितलंच नव्हतं. तेवढ्यात फिजिओथेरपीच्या मॅडम आल्या.

"काका, फुंकायचं नाही. ओढायचं."

"बिडी ओढल्यागत?"

"तशीच. पण बिडीपेक्षा हळू आणि लांब."

वीस वर्षांपूर्वी सोडलेली बिडी आठवून मामांनी ओढलं. पहिली गोटी चार बोटं वर गेली आणि पाठोपाठ असा खोकला आला की मामीने डोळेच मिटून घेतले. मॅडम मात्र खूश. म्हणाल्या, "हाच तर हवा होता."

कालच छाती उघडलेल्या माणसाला खोकला आला म्हणून आनंद कसला? हा प्रश्न घेऊन मी पुढचे आठ दिवस मॅडमच्या मागे लागले होते. त्यानंतर वाचनही बरंच झालं. त्यातून जे कळलं ते इथे मांडते आहे.

फुफ्फुस स्वतःहून काही करत नाही

हृदय स्वतःच स्नायू आहे, ते आपलं आपण धडधडतं. फुफ्फुसाला मात्र स्वतःला फुगवणारा स्नायूच नाही. तो एक मऊ, लवचीक स्पंज आहे आणि मोकळा सोडला तर आक्रसून लहान होतो. त्याला उघडं ठेवतो तो छातीचा पिंजरा.

लोहाराचा भाता आठवा. भात्याच्या फळ्या दूर ओढल्या की आत जागा होते आणि हवा आपोआप शिरते. आपल्या भात्याची मुख्य फळी म्हणजे श्वासपटल, छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा स्नायू. तो खाली दबला आणि बरगड्या वर-बाहेर सरकल्या की छाती मोठी होते. फुफ्फुस त्या भिंतीला आतून चिकटलेलं असतं, म्हणून तेही ताणलं जातं. चिकटवायला खिळे नाहीत की डिंक नाही. मध्ये पाण्यासारख्या द्रवाचा एक पातळ थर असतो, एवढंच. धुऊन एकावर एक ठेवलेल्या काचेच्या दोन बशा सहज सरकतात, पण उचलून वेगळ्या करताना जोर लागतो. तसंच हे.

आत काय असतं? उजव्या फुफ्फुसाचे तीन भाग, डाव्याचे दोन. डॉक्टर त्यांना 'लोब' म्हणतात. प्रत्येक लोबमध्ये श्वासनलिकेच्या फांद्यांना फांद्या फुटत जातात आणि शेवटच्या डहाळ्यांना द्राक्षाच्या घडासारखे हवेचे बारीक फुगे लागलेले असतात. हे वायुकोश. दोन्ही फुफ्फुसांत मिळून काही कोटी. रक्तात प्राणवायू जातो तो इथूनच.

आता मुख्य मुद्दा. फुफ्फुस बाहेरून ओढल्यावरच उघडतं. त्यामुळे ते ओढणारा माणूस दुखण्याने आखडला, कुशीवर वाकडा पडून राहिला किंवा घाबरून उथळ श्वास घेऊ लागला, तर सर्जनने कितीही सफाईने काम केलं असलं तरी फुफ्फुस मिटू लागतं. व्यायामांचं सगळं शास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे.

ऑपरेशन एका बाजूचं, परिणाम दोन्ही बाजूंना

भूल दिल्यावर श्वासाचे स्नायू सैल पडतात. आडवं पडल्याने पोटातले अवयव श्वासपटलाला वर ढकलतात. परिणामी बहुतेक सगळ्या रुग्णांच्या फुफ्फुसांचा थोडा तरी भाग ऑपरेशन टेबलावरच मिटतो, ऑपरेशन गुडघ्याचं असलं तरीही. फुफ्फुसाच्या ऑपरेशनमध्ये तर एक पाऊल पुढे जावं लागतं. सर्जनला काम करायला जागा हवी म्हणून दोन तोंडांची नळी घालून त्या बाजूची हवा मुद्दाम बंद करतात आणि तेवढा वेळ माणूस एका फुफ्फुसावर श्वास घेतो.

काम संपल्यावर बंद केलेलं फुफ्फुस फुगवतात. पण मिटलेले वायुकोश सगळे एकदम उघडत नाहीत. किराणा दुकानातली पातळ प्लॅस्टिकची पिशवी आठवा. तिचं तोंड उघडायला आपण बोटं चोळत बसतो, आणि पिशवी ओली असेल तर बोलायलाच नको. एकदा उघडली की मग पुढे काही कष्ट नाहीत. वायुकोशाचंही तेच आहे. मिटलेला उघडायला ताकद जास्त लागते, उघडलेला उघडा ठेवायला कमी.

आता यात दुखणं मिळवा. दोन बरगड्यांमधून आत शिरलेलं ऑपरेशन, मग ते पाठीवरून वळसा घालणाऱ्या मोठ्या छेदाचं असो की दुर्बिणीचं, प्रत्येक श्वासाला जाणवतं. हात मोडला तर तो झोळीत बांधून ठेवता येतो, छाती कशी बांधणार? मग शरीर आपली युक्ती काढतं आणि वरवरचे, भराभर, लहान श्वास घेऊ लागतं.

इथे एक मजेदार गोष्ट. निरोगी माणूस दर पाचेक मिनिटांनी नकळत एक मोठा उसासा सोडतो. त्यामागे दुःख वगैरे काही नसतं. त्या एका मोठ्या श्वासाने मिटू घातलेले वायुकोश पुन्हा ताणले जातात आणि त्यांना चिकटू न देणारा साबणासारखा पदार्थ आतून नीट पसरतो. दुखणारा माणूस नेमका हा उसासाच गाळतो. छातीचे व्यायाम म्हणजे मोठ्या प्रमाणात हा हरवलेला उसासा परत आणणं.

शेवटचा भिडू कफ. श्वासनलिकांच्या आतून बारीक केसांचा एक थर असतो आणि तो झाडूसारखा कफ वर सारत राहतो. भूल आणि श्वासाची नळी यांनी तो मंदावतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आधीच झिजलेला असतो. कफ साचतो, नळीचं तोंड बुजतं, तिच्यामागची हवा रक्तात शोषली जाते आणि तेवढा भाग पूर्ण मिटतो. साचलेल्या ओलाव्यात जंतू वाढले की न्यूमोनिया. फुफ्फुसाच्या ऑपरेशननंतर माणसं अडचणीत येतात ती बरेचदा या वाटेने, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, जेव्हा नातेवाईक 'ऑपरेशन छान झालं' असं गावाकडे फोन करून सांगून मोकळे झालेले असतात.

मग त्या तीन गोट्यांचं काय?

या यंत्राच्या मुळाशी रॉबर्ट बार्टलेट नावाच्या अमेरिकन सर्जनचं काम आहे. कोविडमध्ये आपण 'एक्मो' हा शब्द ऐकला, म्हणजे रक्त शरीराबाहेरच्या यंत्रात नेऊन त्यात प्राणवायू मिसळणं. त्या तंत्राचेही ते एक जनक मानले जातात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते आणि त्यांचे सहकारी ऑपरेशननंतरच्या श्वासाचा विचार करताना चक्क जांभईपाशी पोहोचले. जांभई म्हणजे आत घेतलेला लांब, पूर्ण, थोडा रेंगाळणारा श्वास. रुग्णाला सांगून जांभई येत नाही, म्हणून तसा श्वास घ्यायला लावणारं आणि तो जमला की डोळ्यांना दिसणारं यंत्र हवं होतं.

म्हणून हे यंत्र ओढायचं आहे. नळकांड्यांवर साधारण ६००, ९०० आणि १२०० असे आकडे छापलेले असतात. ते सेकंदाला किती मिलिलिटर हवा आत जाते हे सांगतात, म्हणजे हवेचा वेग. इथेच बरेचजण फसतात. जोरात एक हिसका दिला की तिन्ही गोट्या टणकन वर जातात, सगळे टाळ्या वाजवतात आणि फुफ्फुसाच्या तळाशी काहीच पोहोचलेलं नसतं. दोनच गोट्या उचलल्या, पण दोन-तीन सेकंद तरंगत ठेवल्या, तर तो श्वास जास्त मोलाचा. मॅडम मामांना म्हणायच्या, "काका, गोटी उडवायची नाही, झुलवायची."

पद्धत सोपी आहे. ताठ बसायचं, आधी श्वास सावकाश बाहेर सोडायचा, ओठ नळीभोवती घट्ट धरून हळू ओढायचं, क्षणभर थांबायचं, नळी तोंडातून काढून सोडायचं. मध्ये विसावा घेत असे पाच-दहा श्वास, जागेपणी साधारण दर तासाला. सलग वीस-पंचवीस ओढले तर चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात.

हे इतकं सांगून झाल्यावर एक कबुली द्यायला हवी. या यंत्राचा गाजावाजा त्याच्या पुराव्यापेक्षा मोठा आहे. नीट शिकवलेले दीर्घश्वसनाचे व्यायाम, खोकला आणि लवकर चालणं हे सगळं होत असेल, तर त्यात यंत्राची भर घालून गुंतागुंत आणखी कमी होते असं अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. मग ते फेकून द्यायचं का? माझं मत, नाही. दर तासाला शेजारी येऊन बसायला फिजिओथेरपिस्ट मिळणार नाही, आणि समोर दिसणारी गोटी माणसाला आठवण करून देते. पण गोट्या झाल्या म्हणजे व्यायाम झाला, असं समजून दिवसभर पडून राहणं हा तोट्याचा सौदा आहे.

यंत्राशिवायचा व्यायाम, जरा जवळून

मामांना शिकवलेला क्रम जगभर वापरात आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयात तो नीट बांधला गेला. छातीच्या जखमांसाठी श्वासाचे व्यायाम त्याच्याही आधीपासून आहेत. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, कॉर्टलँड मॅकमाहन यांनी छातीत गोळी लागलेल्या सैनिकांच्या व्यायामांविषयी लिहून ठेवलं आहे.

सुरुवात अगदी साध्या श्वासाने. खांदे सैल, एक हात पोटावर, अर्धा मिनिट शांत. मग तीन-चार मोठे श्वास. इथे मॅडम आपला तळवा मामांच्या उजव्या बरगड्यांवर, काखेच्या खाली, हलकेच टेकवायच्या आणि म्हणायच्या, "माझा हात ढकला." छातीचा जो भाग दुखतो तो आपण नकळत जखडून ठेवतो. कुणी तिथे हात ठेवला की मेंदूला तो भाग पुन्हा सापडतो. पहिल्या दिवशी मॅडमचा हात हललाच नाही. चौथ्या दिवशी मला लांबून दिसेल इतका हलला.

श्वास भरल्यावर तीन सेकंद थांबायचं असतं. का? चाळीतल्या खोल्यांची कल्पना करा. एका खोलीचं पुढचं दार कफाने बंद झालंय, पण शेजारच्या खोलीशी जोडणारी लहानशी खिडकी उघडी आहे. वायुकोशांच्या भिंतींत अशा खिडक्या खरोखर असतात. थोडं थांबलं की हवा शेजारून आत झिरपते आणि बंद दारामागे जमते. आता बाहेर सोडताना ती दाराला आतून ढकलते आणि कफ सुटतो.

सुटलेला कफ वर आणायला लगेच खोकायचं नाही. आधी 'हफ'. आरसा किंवा चष्म्याची काच पुसण्याआधी आपण तोंड उघडून तिच्यावर 'हाऽऽ' करतो ना, तोच उच्छ्वास, पण जरा जोरकस आणि पोटातून. घसा उघडा राहतो म्हणून छातीत खोकल्याइतका दाब तयार होत नाही, दुखतं कमी, आणि खोलवरचा कफ पायरी पायरीने वर येतो. घशाशी घरघर जाणवली की मग एक खोकला. दहा कोरडे खोकले खोकून दमण्यापेक्षा दोन हफ आणि एक कामाचा खोकला बरा.

आणि खोकताना आधार हवाच. मामीने चादरीची चौघडी करून जाड गुंडाळी केली होती. खोकला येतोय असं वाटलं की मामा ती टाक्यांच्या बाजूला कवटाळून धरायचे आणि कोपर अंगाशी दाबायचे. एकदा गुंडाळी धुवायला गेली, तर मामीने दोन्ही तळवे टाक्यांच्या खाली-वर लावून धरले. ते मला यंत्रापेक्षाही चांगलं वाटलं.

"खोकल्याने टाके उसवतील"

प्रत्येक वॉर्डात हे वाक्य ऐकू येतं. आतली श्वासनलिका स्टेपलरने किंवा टाक्यांनी बंद केलेली असते आणि ते काम करतानाच, रुग्ण पुढे खोकणार आहे हे सर्जनने धरलेलं असतं. बरगड्या जाड दोऱ्याने जवळ आणलेल्या असतात, वर स्नायूंचे थर, त्यावर कातडी. आधार देऊन खोकल्याने हे सहसा उसवत नाही. न खोकल्याने साचलेल्या कफाचा धोका त्याहून कितीतरी खरा आहे.

दुखतं, हे मात्र शंभर टक्के खरं. म्हणूनच वेदनाशामक औषधं टाळण्यात शहाणपण नाही. 'सहन होतंय, गोळी कशाला' असं म्हणणाऱ्या माणसाचा श्वास बघा, तो गळ्यापाशीच अडकलेला असतो. पाठीतून दिलेली औषधाची नळी, सलाईनमधलं औषध, गोळी, जे काही ठरलं असेल ते घेऊन साधारण अर्ध्या तासाने व्यायाम केला की तोच व्यायाम दुप्पट चांगला होतो.

"ऑपरेशन झालंय, पडून राहू दे त्याला"

मायेपोटी केलेल्या चुकांत ही सगळ्यात मोठी. आडवं पडलं की श्वास सोडल्यावर फुफ्फुसात शिल्लक राहणारी हवा अर्ध्या ते एक लिटरने कमी होते. नुसतं उठून बसलं तरी श्वासपटल खाली सरकतं. उभं राहिलं तर आणखी. चालायला लागलं की शरीर आपण होऊन मोठे श्वास मागतं आणि तिथे कुणी 'दीर्घ श्वास घ्या' असं सांगत बसावं लागत नाही. शिवाय पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही कमी होतो. २०१९मध्ये युरोपातल्या छातीच्या सर्जनांच्या संघटनेने इतरांबरोबर जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत फुफ्फुसाच्या ऑपरेशननंतर २४ तासांच्या आत रुग्णाला हलतं करावं असं म्हटलं आहे.

पण छातीतून नळी निघालेली असते, तिच्या टोकाला बाटली. ती घेऊन चालायचं कसं? मामा पहिल्यांदा निघाले तेव्हा ती बाटली आरतीच्या तबकासारखी छातीसमोर धरून निघाले आणि सिस्टर धावत आल्या. बाटली कायम छातीच्या खाली हवी, नाहीतर तिच्यातलं पाणी उलटं आत जाऊ शकतं.

ही बाटली दिसते गावठी, पण युक्ती फार हुशार आहे. ऑपरेशननंतर छातीच्या पोकळीत हवा आणि रक्तमिश्रित पाणी जमतं, म्हणजे त्या दोन बशांच्या मधला चिकटपणा गेलेला असतो. नळीचं टोक पाण्यात बुडवून ठेवलं की आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते, बाहेरची मात्र आत जाऊ शकत नाही. श्वासाबरोबर नळीतलं पाणी वर-खाली होतं ते नळी मोकळी असल्याचं लक्षण. खोकताना थोडे बुडबुडे आले तर ती आतली साठलेली हवा निघतेय, घाबरू नये. सतत येत असतील तर फुफ्फुसातून हवा गळते आहे, हे डॉक्टर बघतातच. आपण एकच करायचं नाही: चालताना पाणी सांडू नये म्हणून नळीला चिमटा लावणं किंवा ती पिरगळून धरणं. हवा गळत असेल आणि वाट बंद झाली, तर ती आत कोंडून फुफ्फुस आणि हृदय दाबू शकते.

एक अपवाद सांगून ठेवते. ज्यांचं एका बाजूचं पूर्ण फुफ्फुस काढलं आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांची नळी, झोपण्याची कूस, व्यायामाचा जोर सगळंच वेगळं ठरतं. शेजारच्या खाटेवर बघून नक्कल करू नये.

छातीचं ऑपरेशन, मग खांद्याचा व्यायाम कशाला?

कारण छेद जातो तिथले पाठीचे आणि काखेखालचे मोठे स्नायू खांदा आणि हात हलवतात. शिवाय अनेकांचा त्याच बाजूचा खांदा ऑपरेशनमध्ये त्याला हात न लावताही दुखतो. श्वासपटलाकडे जाणारी नस मानेतून निघते, त्यामुळे छातीतल्या चिडचिडीचं दुखणं मेंदू खांद्याच्या नावावर मांडतो. माणूस हात पोटाशी धरतो, त्या बाजूला झुकतो आणि काही आठवड्यांत खांदा आखडतो.

उपाय साधाच आहे. दुसऱ्या हाताने आधार देऊन हात वर नेणं, बोटांनी भिंतीवर चढणं, खांदे मागे गोल फिरवणं, आरशासमोर उभं राहून दोन्ही खांदे एका रेषेत आहेत का ते पाहणं. मामांची कसोटी टोपी होती. उजव्या हाताने टोपी नीट बसवता आली त्या दिवशी त्यांनी व्यायाम पुरे झाला असं जाहीर केलं. मॅडमनी ते मान्य केलं नाही.

फुगे, शंख आणि कपालभाती

छातीचं काही झालं की फुगे फुगवा असा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. काही ऑपरेशनांनंतर काही सर्जन तो स्वतः देतात, तेव्हा तो पाळावा. पण आपल्या मनाने सुरू करू नये. फुगा फुगवताना जोर बाहेर ढकलण्यावर असतो, आणि मिटलेले वायुकोश उघडतात ते आत घेतलेल्या श्वासाने. शिवाय हवेची गळती असताना आत दाब वाढवणं बरं नाही. शंखाचंही तेच.

प्राणायाम करणाऱ्यांची चूक वेगळी असते. त्यांना श्वासाची जाण आधीच असते, हा मोठा फायदा. पण कपालभातीचे झटके, भस्त्रिकेचा वेग आणि लांब कुंभक हे ताज्या जखमेसाठी नाहीत. सर्जनने मोकळीक दिल्यावर, तेही हळूहळू. जोर न लावता केलेला संथ, पूर्ण श्वास पहिल्या दिवसापासून चालतो. खरं तर फिजिओ तेच शिकवत असतात, नाव वेगळं एवढंच.

"बोटाला लावलेलं यंत्र ९८ दाखवतंय, मग व्यायाम कशाला?" हाही कोविडने दिलेला प्रश्न. बोटावरचा आकडा रक्तात आत्ता प्राणवायू किती आहे ते सांगतो. फुफ्फुसाचा तळ मिटू लागला असला, तरी बाकीचा भाग बराच वेळ किल्ला लढवू शकतो. नाकाला ऑक्सिजन लावलेला असेल तर आकडा आणखी फसवा. त्या मानाने श्वासाची गती, ताप आणि कफाचा रंग यांकडे लक्ष ठेवणं जास्त उपयोगाचं.

घरी आल्यावर

रुग्णालयात कुणीतरी मागे लागतं, घरी कुणी नाही. उलट भेटायला येणारे 'उठू नका, उठू नका' करतात. खरं काम मात्र इथेच असतं. रोज दोन-तीनदा चालणं, दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवत. मोजमाप सोपं आहे: चालताना तुटक का होईना, वाक्य बोलता आलं पाहिजे. एकेक शब्द तुटू लागला तर वेग कमी करा. धाप लागली तर भिंतीला किंवा गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकायचं आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून श्वास सावकाश सोडायचा. जिना चढताना सोडत्या श्वासाला पाऊल उचलायचं. जड कळशी, गॅसचा सिलिंडर, मोटरसायकल हे सगळं डॉक्टर सांगेपर्यंत नाही.

गेलेला भाग परत उगवतो का? मोठ्या माणसात नाही. पण उरलेलं फुफ्फुस पसरतं, श्वासपटल थोडं वर सरकतं आणि रिकामी जागा भरत जाते. एक लोब काढल्यावर श्वासाच्या क्षमतेत पहिल्या आठवड्यांत मोठी घट दिसते. तीन ते सहा महिन्यांत त्यातली बरीच भरून निघते आणि कायमची घट साधारण १० ते १५ टक्क्यांवर येते. पूर्ण फुफ्फुस काढलं तर ती ३५ ते ४० टक्क्यांच्या घरात जाते. कोणता भाग काढला आणि तो आधी किती काम करत होता यावर हे आकडे बदलतात. मामांचा काढलेला भाग तसाही पोकळच होता, म्हणून त्यांचं फारसं गेलं नाही.

छेदाच्या रेषेपुढे, स्तनाच्या खाली बधिरपणा किंवा आग महिनोन् महिने राहू शकते. बरगड्यांच्या कडेने जाणाऱ्या नसा दुखावल्याने ते होतं. मामांना सदऱ्याचा स्पर्शही नको व्हायचा. याला औषधं आहेत, मुकाट सोसत बसायचं कारण नाही.

काही गोष्टींत मात्र वाट पाहायची नाही: अचानक वाढलेली धाप, ताप आणि पिवळा-हिरवा कफ, खोकल्यातून रक्त किंवा अचानक भरपूर पातळ पाणी, एका पोटरीची दुखरी सूज, मान-छातीची कातडी फुगून दाबल्यावर चुरचुर असा आवाज येणं. अशा वेळी व्यायाम थांबवून थेट रुग्णालय.

हे सगळं आधी शिकवलं तर?

माझी तक्रार इथेच आहे. मामा ऑपरेशनच्या आधी तीन दिवस वॉर्डात तपासण्यांसाठी बसून होते. तेव्हा त्यांना दुखत नव्हतं, डोकं ताळ्यावर होतं, वेळच वेळ होता. हफ, आधार धरून खोकणं, गोटी झुलवणं तेव्हा अर्ध्या तासात शिकवता आलं असतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पोटाच्या वरच्या भागाच्या ऑपरेशनच्या ४४१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नेमकं हेच केलं होतं. ऑपरेशनआधी फिजिओथेरपिस्टबरोबर फक्त ३० मिनिटं. छातीच्या गुंतागुंती निम्म्यावर आल्या. फुफ्फुसाच्या ऑपरेशनआधी काही आठवडे व्यायाम करून घेण्याबद्दलचे अभ्यास लहान आहेत, पण दिशा तीच दाखवतात.

म्हणून ऑपरेशनची तारीख हातात असेल तर स्वतः विचारा: फिजिओ कधी भेटतील? आधी भेटतील का? थांबायला वेळ असेल तर रोज चाला. बिडी, सिगारेट आजच बंद. मिश्रीसुद्धा. "ती कुठे फुफ्फुसात जाते?" असं मामी म्हणाल्या होत्या. पण तंबाखूतलं निकोटिन रक्तात जातं, रक्तवाहिन्या आवळतं आणि जखम भरायला वेळ लावतं.

गेल्या महिन्यात मामांच्या गावातला एकजण त्यांना भेटायला आला. पुढच्या आठवड्यात त्याचंही छातीचं ऑपरेशन होतं. मामांनी त्याला ओट्यावर ताठ बसवलं, उशी आणून छातीशी धरायला दिली आणि 'हाऽऽ' कसं करायचं ते स्वतः करून दाखवलं. निघताना त्याने फळीवरचं ते यंत्र मागितलं. मामा म्हणाले, "तोंडाला लावलेली वस्तू हाय. ती न्हाई देणार. तुझी तू नवी घे."